खाडीकाठच्या घराची बारमाही निगा

१४ एप्रिल जवळ आला की आपल्याकडे घरोघरी झाडलोट सुरू होते. भिंतींना रंग लागतो, भांडी घासली जातात, पडदे धुतले जातात. वर्षभराची स्वच्छता मात्र एवढ्याने होत नाही. ऋतू बदलला की घरातला आजार बदलतो, म्हणून स्वच्छतेचे कामही बदलायला हवे.

मीरा रोडच्या पूनम सागर परिसरात राहणाऱ्यांना हे जास्तच लागू पडते. मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि आजूबाजूला मिठागरे व खारफुटी आहे. त्यामुळे हवेत ओल आणि क्षार दोन्ही असतात. त्यात जुन्या वसाहतींतील अनेक इमारती आता तीस वर्षांच्या घरात आल्या आहेत.

पावसाआधी (एप्रिल-मे)

या दोन महिन्यांत पहिले लक्ष गळतीकडे द्यावे. भिंतीतून किंवा स्लॅबमधून मुरलेले पाणी आणि क्षार आतल्या लोखंडी सळईपर्यंत पोहोचले की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून ती फुगते, काँक्रीटला तडा जातो आणि छताचे पोपडे खाली पडतात. अशा जागी नुसते पुट्टी-रंग लावले तर रोग झाकला जातो, बरा होत नाही.

गच्ची आणि बाहेरच्या भिंतींतून येणारी गळती दुरुस्त करणे हे सोसायटीचे काम आहे. त्यासाठी कमिटीला लेखी अर्ज द्यावा. आदर्श उपविधीनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे. आपल्या इमारतीचे शेवटचे ऑडिट कधी झाले, हे सर्वसाधारण सभेत विचारा.

गच्चीवरचे पन्हाळे आणि पाइपांची तोंडे मोकळी करून घ्या. पाण्याच्या टाक्या वर्षातून दोनदा घासून धुवाव्यात, त्यातली एक वेळ पावसाआधीची असावी. गाळ काढून झाला की टाकी पाण्याने भरावी आणि दर १००० लिटरला सुमारे १५० ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर कालवून रात्रभर ठेवावे. हे पाणी पिण्यासाठी वापरू नये. सकाळी ते सोडून द्यावे आणि टाकी पुन्हा भरावी.

पावसात (जून ते सप्टेंबर)

वर्षावासाच्या या काळात घरातला मोठा शत्रू म्हणजे ओल. कपाटामागे, गादीखाली, बाथरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. तिचे कण श्वासातून गेल्याने दमा असलेल्यांचा आणि लहान मुलांचा खोकला वाढतो. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा. ओले कपडे बंद खोलीत वाळत घालू नका. तसे करावेच लागले तर पंखा लावा आणि खिडकी थोडी उघडी ठेवा. बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, कण हवेत उडतात. तोंडाला फडके बांधून ती साबणाच्या पाण्याने पुसून काढावी आणि जागा कोरडी करावी.

दुसरा शत्रू डास. पाणी ठरावीक वेळेलाच येते, म्हणून आपण पिंप आणि बादल्या भरून ठेवतो. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा, म्हणजे डास तयार होण्याआधीच साखळी तुटते. पिंप नुसते उपसून भागत नाही. अंडी आतल्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही काही महिने टिकतात, त्यामुळे कडा घासायलाच हव्यात. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचे टायर आणि ताडपत्री यांवरही नजर ठेवा.

तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले तर घरी येताच पाय साबणाने धुवा. पायाला जखम असेल तर लेप्टोचा धोका जास्त. अशा वेळी ताप येण्याची वाट न पाहता ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारावे, प्रतिबंधक गोळी तेच ठरवतील.

पावसानंतर (ऑक्टोबरपासून)

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास ऊन कडक होते. गाद्या, उशा, गोधड्या दिवसभर उन्हात घाला. पंखे आणि माळे ओल्या फडक्याने पुसा. त्या वेळी दम्याच्या रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवा. हिवाळ्यात सकाळी हवेत धूळ जास्त असते, तेव्हा खिडक्या दुपारी उघडाव्यात.

संडास धुताना एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद संडासात तो फुफ्फुसांवर घाव घालतो. आणि हे सारे काम घरातल्या एकट्या बाईच्या अंगावर टाकू नका. माळा, टाकी, पंखे ही पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी करायची कामे आहेत.

आपली स्वच्छता कुणाच्या जिवावर?

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका खासगी इमारतीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगारांचा जीव गेला. त्यांच्या पत्नी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात, प्राणवायू जवळजवळ नसतो. पहिला माणूस काही श्वासांतच कोसळतो आणि त्याला वाचवायला उतरलेलाही वर येत नाही.

या टाक्यांत उतरवले जाणारे बहुतेक कोणत्या समाजातले असतात, हे आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही. २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार माणसाला अशा धोकादायक सफाईसाठी गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. पण भरपाईने घरचा माणूस परत येत नाही.

म्हणून सोसायटीच्या सभेत हा विषय घ्या. टाकी उपसायचे काम सक्शन गाडीनेच होईल आणि कोणीही आत उतरणार नाही, असा ठराव लेखी करून घ्या. स्वस्तातला कंत्राटदार माणूस उतरवू लागला तर काम तिथेच थांबवा. रोज कचरा नेणाऱ्या ताईंसाठी ओला-सुका वेगळा करा, फुटकी काच आणि सुया जाड कागदात गुंडाळून वेगळ्या द्या, आणि त्यांना हातमोजे मिळतात का ते विचारा. घराच्या कामांच्या यादीत हेही काम धरा.