सहकुटुंब लोणारच्या विवरात

डोंगरावर जाणारा मनुष्य आधी दमतो आणि मग उतरतो. लोणारचा हिशेब उलटा! येथे आधी उतार, तळाशी विसावा आणि दमायचे ते परतताना. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातल्या या दरीत थंडीच्या दिवसांत जावे, आणि सकाळीच जावे.

आमच्या मंडळींत सहा वर्षांची पुतणी होती, तशाच सत्तरीतल्या मावशीही होत्या. मेहकरहून सुमारे २५ किलोमीटरवर लोणार गाव. गावाबाहेर येताच जमीन एकदम संपते आणि पुढे प्रचंड वाडगे दिसते. काठापासून काठापर्यंत सुमारे १८०० मीटर, खोली सुमारे १५० मीटर. पूर्वी हे ज्वालामुखीचे मुख समजत. पुढे येथील खडकांच्या अभ्यासातून उल्केच्या आघाताचा पुरावा मिळाला. बेसाल्ट खडकात अशा आघाताने झालेली विवरे जगात मोजकीच आहेत.

वाट धारेपासून सुरू होते. गोमुखातून बारा महिने पाणी पडते. पायऱ्या उतरताना मावशी म्हणाल्या, "उतरताना गुडघे बोलतात, चढताना छाती बोलेल. घाई कशाला?" त्यांच्या चालीने आम्ही उतरलो आणि त्यातच खरी मजा आली. कारण ही वाट एकट्यादुकट्याची नव्हेच. कोणी धारेवर स्नानाला आलेले, कोणी कमळजादेवीच्या दर्शनाला निघालेले. एक मास्तर विद्यार्थ्यांना दगड दाखवीत होते, तर दुर्बीण घेतलेले एक गृहस्थ साऱ्यांना गप्प बसायला सांगत होते. पुतणीला मोर दिसला, वानरे दिसली. मावशींना जुनी देवळे भेटली. प्रत्येकाचे काम निराळे, वाट मात्र एकच!

खालचे पाणी खारट तर आहेच, शिवाय अतिशय अल्कधर्मी. लवणासुराची कथा गावात सर्वांना ठाऊक. त्याला मारणाऱ्या विष्णूचे दैत्यसूदन मंदिर गावातच आहे. या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव सुखाने राहतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण शोधले: उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले आणि खाऱ्या पाण्यातले जीव रंग धरून बहरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान मिळाला.

मान मिळाला, पण काळजी सरली नाही. अलीकडच्या वर्षांत पाणी चढले असून काठची देवळे त्याच्या आवाक्यात आली आहेत. गोडे पाणी फार मिसळले तर खारेपणा घटेल आणि त्यावर जगणारे ते चिमुकले जीव कोठे जातील? दुसरे लोणार जवळपास नाही! त्यात आपण साबणाचा फेस आणि कागद-पिशव्यांची भर घालावी, हे कोणत्या पुण्याईत बसते?

तेव्हा वाचकहो, मुलाबाळांसह अवश्य जा. निघण्यापूर्वी वाट कोठवर मोकळी आहे ते वनखात्याच्या माणसाला विचारा. पाणी, टोपी आणि चांगली पादत्राणे घ्या, साबण घरी ठेवा. बरोबर नेलेली प्रत्येक वस्तू वर परत आणा. चढताना छाती थोडी बोलेल. दर वळणावर थांबून मागे पाहावे. खालचे हिरवे पाणी पाहता पाहता श्वास आपोआप जागेवर येतो.