वरसाव्याचा पूल

वसईला मुंबईपासून वेगळी करणारी खाडी ही मुळात उल्हास नदीची समुद्राकडे जाणारी शेवटची वाट. आणि ही वाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती उत्तर कोकणाचे दळणवळण, ही गोष्ट १५३४ साली वसई पदरात पाडून घेणाऱ्या पोर्तुगिजांनी ओळखली होती आणि १७३९ साली किल्ला जिंकून घेणाऱ्या चिमाजी अप्पांनीही ओळखली होती. १८६४ साली बी. बी. सी. आय. कंपनीचा लोहमार्ग पाणजू बेटाला स्पर्श करीत ही खाडी ओलांडून ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. रस्त्याला मात्र त्यानंतर शतकभर वाट पाहावी लागली. आणि जेव्हा पूल झाला, तेव्हा तो वसईच्या दारात न होता कितीतरी पूर्वेला, घोडबंदरजवळच्या वरसावे गावापाशी, मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या सोयीने झाला. वसईकराला त्या पुलावरून जाता येते, परंतु तो पूल वसईकरासाठी बांधलेला नाही.

संपादकांनी ‘पूल पाहून या’ एवढेच सांगितले होते. वरसाव्याला झालेला नवा पूल पाहावयाचा, त्याची लांबी-रुंदी लिहावयाची, असा माझा समज होता. नवा पूल देखणा आहे; २०१८ च्या जानेवारीत त्याची पायाभरणी झाली आणि वने व कांदळवने यांच्या मंजुऱ्यांत बरीच मुदत खर्ची पडल्यावर २०२३ च्या मार्चअखेरीस त्याची पहिली बाजू वाहतुकीस खुली झाली. जोडरस्त्यांसह त्याची लांबी सव्वादोन किलोमीटर आहे. परंतु माझी नजर खिळून राहिली ती शेजारच्या जुन्या पुलावर, ज्याच्या तुळईला २०१३ च्या अखेरीस तडा गेल्याचे आढळले, ज्याच्यावरून अवजड वाहनांना महिनोन्‌महिने मनाई करावी लागली आणि ज्याच्यावर २०१६ साली पुन्हा तोच प्रसंग ओढवला. त्याच वर्षी २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतील पूल प्रवाशांनी भरलेल्या वाहनांसह पुरात वाहून गेला होता; त्यामुळे ‘तडा’ हा शब्द त्या दिवसांत महाराष्ट्राने फार भीतीने उच्चारला.

या भीतीचे खरे कारण समजून घ्यावयाचे तर वरसाव्याच्या जुन्या पुलासारख्या पुलाच्या तुळईचे अंतरंग पाहावे लागते. काँक्रीट दाबाला समर्थ आणि ताणाला दुर्बळ असते. यावर गेल्या शतकातील स्थापत्यशास्त्राने शोधलेली युक्ती अशी की, तुळईच्या पोटातून उच्चबलाच्या पोलादी तारांच्या जुड्या ओवावयाच्या, जॅक लावून त्या विलक्षण जोराने ताणावयाच्या आणि दोन्ही टोकांना पक्क्या अडकवून टाकावयाच्या, म्हणजे मालमोटारींचा भार येण्यापूर्वीच सारे काँक्रीट आतून आवळले जाते. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवलेली धाव चढवतो आणि ती निवताना आकसून सगळ्या पाट्या एकमेकींत घट्ट बसवते, तसाच हा प्रकार. यास पूर्वताणित काँक्रीट म्हणतात. स्वातंत्र्योत्तर भारतात लोखंड-सिमेंटाची टंचाई असताना थोड्या सामग्रीत लांब पल्ले गाठण्याचे सामर्थ्य या तंत्राने दिले. त्या पिढीच्या अभियंत्यांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे.

परंतु या युक्तीचा सगळा जीव त्या अदृश्य तारांत आहे. तारा ज्या नळ्यांतून जातात त्या सिमेंटच्या लगद्याने पूर्ण भराव्या लागतात. कोठे पोकळी राहिली, आणि खाऱ्या हवेतील क्षार ओलाव्याबरोबर तेथवर झिरपले, की गंज चढू लागतो. साध्या सळईचा गंज काँक्रीट फोडून बाहेर येतो आणि आपल्याला सावध करतो. ताणलेली तार मात्र बाहेर काहीही न दाखवता आतल्या आत तुटू शकते. गोव्यात मांडवीवर १९७० साली बांधलेला पूल पुरी दोन दशकेही न टिकता ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, त्याच्या मुळाशी असाच गंज होता. आणि १९७३ साली खुला झालेला वाशीचा पहिला खाडीपूलही क्षारांनी अकाली जर्जर केला.

पुलांच्या तपासणीत आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध मिस्त्रींशी या विषयावर बोललो. तुळईखाली टांगलेल्या पाळण्यात उभे राहून काँक्रीटवर हातोडीने ठोके द्यावयाचे आणि कान देऊन ऐकावयाचे, हे त्यांचे काम. “भरीव असलं की टणटण वाजतं, साहेब, पोकळ असलं की बद्द आवाज येतो. तिथं खडूनं खूण करायची,” ते म्हणाले आणि थोडे थांबून पुढे म्हणाले, “पण केबल आत असते. तिथवर हातोडी पोचत नाही.” पुलांच्या परीक्षणाविषयीचे अहवाल मी वाचले आहेत, या एका वाक्याइतके नेमके त्यांत काही आढळले नाही. जी वस्तू दिसत नाही तिच्यावर लाखोंच्या जीविताचा भार टाकणाऱ्या समाजाने निदान दुसरी वाट सिद्ध ठेवली पाहिजे, हा त्याचा अर्थ.

वसईच्या खाडीवर ती दुसरी वाट कोठे आहे? नवा पूल जुन्याला लागूनच उभा आहे; पुलाची भीती त्याने कमी केली, वळसा नाही. २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेलेल्या वसई-विरार शहराला समोरच्या तीरावरच्या भाईंदरास रस्त्याने जावयाचे तर आजही चाळीस किलोमीटरच्या आसपास वळसा पडतो. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेली रो-रो बोट हीच खाडी पंधराएक मिनिटांत पार करते. तिने अंतराचा अन्याय स्पष्ट केला, पण एका फेरीत मोजकीच वाहने नेणारी बोट शहराचा भार उचलू शकत नाही. खरा भार लोकल गाडीवर आहे, आणि तिच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाला पुलाच्या मार्गिका किती याच्याशी कर्तव्य नाही.

पर्यायांची उणीव नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या दप्तरी नायगाव-भाईंदर पूल आहे, मीरा रोड ते विरार अशी तेरावी मेट्रो आहे, आधी वर्सोव्याहून आणि आता उत्तनहून विरारला जाणारा सागरी सेतू आहे, खाडी न ओलांडणारा का होईना, ठाण्याच्या बाजूचा गायमुखाकडचा बोगदा आहे. परंतु यांपैकी प्रत्येकाच्या वाटेत काहीतरी उभे आहे. नायगाव-भाईंदर पूल पाणजू बेट, मिठागरे आणि कांदळवन यांवरून जाणार. मिठागरांची जमीन बहुतांशी केंद्र सरकारच्या मीठ खात्याच्या अखत्यारीत, आणि २०१८ च्या निर्णयानंतर कांदळवन तोडण्यास उच्च न्यायालयाची परवानगी अनिवार्य. या अटींना मी अडथळे म्हणणार नाही. पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या वसईला कांदळवनाची किंमत कोणी शिकवण्याची गरज नाही. सागरी सेतूला कोळी बांधवांचा विरोध आहे, आणि ज्यांच्या जाळ्यांच्या जागी खांब रोवले जाणार त्यांचे म्हणणे शेवटी नव्हे, आधी ऐकले पाहिजे.

बोगदा म्हणजे सर्व वादांतून सुटका, असे अनेकांना वाटते. अमेरिकेतील सिॲटल शहराने भूकंपात दुखावलेला आपला किनाऱ्यावरचा उन्नत मार्ग पाडून खाली बोगदा करावयाचे ठरवले. त्याचे खननयंत्र २०१३ च्या डिसेंबरात जमिनीखाली अडकले, दोन वर्षे हलले नाही, आणि बोगदा खुला व्हायला २०१९ उजाडले. आपल्याकडचे उदाहरण याहून दुःखद आहे. वसई-विरार व मीरा-भाईंदरला पाणी देणाऱ्या सूर्या योजनेच्या जलबोगद्यासाठी, वरसाव्याच्या पुलाजवळच ससूनवघर येथे, खोल विहीर खणलेली होती. २०२४ च्या मेअखेरीस तिची भिंत ढासळली आणि एक चालक आपल्या यंत्रासह मातीखाली गाडला गेला. त्याच्या शोधासाठी लष्कर आणि नौदलही बोलवावे लागले. खाडीकाठची भूमी वरून स्थिर दिसते. तिच्या पोटातील चिखल आणि पाण्याचा दाब यांची परीक्षा घाईने करता येत नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, वसईला सर्वांत आधी हवा तो नायगाव-भाईंदरचा पूल, आणि तो केवळ मोटारींचा नव्हे. बससाठी राखीव मार्गिका आणि मेट्रोचा भार पेलण्याची तरतूद त्याच्या पायातच करावी. कारण खांब उभे राहिल्यानंतर मेट्रोचे वजन त्यांच्यावर वाढवता येत नाही, आणि मग आणखी वीस वर्षांनी त्याच कांदळवनातून दुसऱ्या खांबांची रांग जाते. जुन्या पुलाच्या तपासणीचे अहवालही नागरिकांना वाचण्यासाठी दरवर्षी खुले करावेत. वसईचे लोक खाडीचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. त्यांच्या पायाखालच्या तुळईत काय चालले आहे हे जाणण्याचा हक्क त्यांना आहे, आणि तो हक्क मान्य करण्यासाठी ना नवी जमीन लागते, ना निविदा.