घामाला कापड कोणतं?

वडूज परिसरात भरतीचा सराव करणारी पोरं पॉलिएस्टरचे टी-शर्ट वापरतात. कापड हलकं, झटकन वाळणारं. पण त्यातले डिस्पर्स रंग धाग्याशी रासायनिक बंधानं जखडलेले नसतात. घाम आणि घर्षणानं ते कातडीवर उतरतात. १०६ आणि १२४ क्रमांकाचे निळे रंग ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहेत. काखेत, मांडीच्या सांध्यात पुरळ उठतं. सगळ्यांना नाही, पण ज्याला उठतं तो बेजार होतो.

सुती कापड वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा हवेतून धरतं, पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. माणदेशी लोकर यात सुतीहूनही सरस, पण जाडीभरडी, घोंगडीलाच शोभते.

म्हणून नवा कपडा आधी धुवा, अंगालगत सुती बनियन घाला आणि पळून आल्यावर ओले कपडे लगेच बदला.