विरघळलेल्या साखरेचे वजन

साखर कारखान्यात आलेला ऊस तोलून घेतात. भरलेली ट्रक किंवा टायरगाडी वजनकाट्यावर चढते, ऊस उतरवल्यावर रिकामी पुन्हा चढते. दोन्ही वजनांतील फरक म्हणजे उसाचे वजन. उसातून निघणाऱ्या रसाचे मोजमाप होते. रस पुरता निघावा म्हणून शेवटच्या टप्प्यात चोथ्यावर गरम पाणी मारतात, त्याचेही मोजमाप होते. पण मिलमधून बाहेर पडणारा चोथा, म्हणजे बगॅस, रूढ पद्धतीत तोलला जात नाही. पट्ट्यावरून तो सरळ बॉयलरकडे जातो आणि जळून जातो. तरीही प्रयोगशाळेच्या रोजच्या अहवालात बगॅसचे वजन लिहिलेले असते. ते कोठून येते?

ते एका साध्या बेरजेतून येते:

ऊस + मारलेले पाणी = मिश्र रस + बगॅस

चारपैकी तीन वजने माहीत असली की चौथे वजाबाकीने मिळते. या एका ओळीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. उसातली साखर पेशींमधून निघून पाण्यात मिसळली, तिचा रस झाला, तरी तिचे वस्तुमान तसूभरही कमी-जास्त होत नाही. हे गृहीत चुकीचे असते तर कारखान्याचा सारा हिशेब कोलमडला असता. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) हा हिशेब फार जुना आहे. सहकारी तत्त्वावरचा प्रवरानगरचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात तेथे गाळप सुरू झाले. आज राहाता, कोपरगाव, संगमनेर, नेवासा अशा तालुक्यांतल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी ‘उतारा’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. वर्गात द्रावण शिकवताना याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

मुलांना काय वाटते?

पेलाभर पाण्यात चमचाभर साखर ढवळली. साखर दिसेनाशी झाली. आता पेल्याचे वजन किती? हा प्रश्न विचारून, प्रयोग करण्यापूर्वीच, मुलांना हात वर करायला सांगावे. बहुधा तीन गट पडतात. ‘साखर संपली, म्हणून वजन पाण्याइतकेच’ म्हणणारा पहिला. ‘साखर आहे, पण विरघळल्याने हलकी झाली’ म्हणणारा दुसरा. ‘पाणी आणि साखर यांची बेरीज’ म्हणणारा तिसरा.

पहिल्या दोन उत्तरांना हसू नये. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे आणि बेर्बेल इनहेल्डर यांनी नेमका साखर विरघळण्याचाच प्रयोग मुलांपुढे करून १९४१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. लहान मुलांना साखर नाहीशी झाली असे वाटते. पुढे मूल साखर ‘आहे’ हे मान्य करते, कारण पाणी गोड लागते. पण तिला वजन आहे हे मानायला त्याला आणखी काळ लागतो. आकारमानाची समज त्याहूनही उशिरा येते. गोडी हा एक गुण आहे, वासासारखा, त्याला कसले वजन, असा विचार मूल करत असते. हा विचार चुकीचा असला तरी अविचार नाही. त्याला उत्तर ‘नियम असा आहे’ हे नव्हे, तर तराजू आहे.

तराजूवरचा प्रयोग

एक ग्रॅमपर्यंत वाचता येईल असा साधा इलेक्ट्रॉनिक काटा पुरे. झाकणाच्या बाटलीत २०० ग्रॅम पाणी घ्या. कागदाच्या पुडीत २० ग्रॅम साखर बांधा. बाटली, झाकण, पुडी हे सर्व एकत्र काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या. मग साखर बाटलीत ओता, झाकण लावून हलवा, आणि रिकाम्या कागदासह पुन्हा वजन करा. आकडा तोच येतो.

काळजी एवढीच, की आधी तोललेली प्रत्येक वस्तू नंतरही काट्यावर असली पाहिजे. चमच्याने ढवळले तर चमच्याला चिकटलेले थेंब बाहेर जातात, म्हणून चमचा वापरलाच तर दोन्ही वेळा तोलावा. फरक आलाच तर तो मुलांपासून लपवू नये. कागदाला चिकटलेली साखर, टेबलावर सांडलेले पाणी यांचा शोध मुलांनाच घेऊ द्यावा.

असे का होते?

साखरेचा दाणा म्हणजे साखरेच्या रेणूंची शिस्तशीर रचना. एक ग्रॅम साखरेत १७६ वर १९ शून्ये इतके रेणू असतात. पाण्याचे रेणू दाण्याच्या पृष्ठभागावर येतात, साखरेच्या रेणूंना ओढून घेतात, एकेकाला सुटे करतात आणि चहूबाजूंनी वेढतात. मोठा दाणा आपल्याला दिसत होता. सुटा रेणू दिसण्याइतका मोठा नाही. म्हणून साखर ‘नाहीशी’ होते. पण या सगळ्या घडामोडीत एकही रेणू नष्ट झाला नाही आणि एकही नवा आला नाही. प्रत्येक रेणूचे वस्तुमान त्याच्यातील अणूंमुळे असते. तो ओळीत उभा आहे की गर्दीत फिरतो आहे यावर ते अवलंबून नसते. शाळेची प्रार्थना संपून मुले मैदानभर पांगली तरी पट कमी होत नाही, तसेच हे.

मिठाचे थोडे वेगळे आहे. त्याच्या स्फटिकात रेणू नसून सोडिअम आणि क्लोराइड यांचे आयन असतात आणि पाण्यात ते एकमेकांपासून सुटे होतात. पण आयनांची मोजदादही तितकीच पक्की राहते.

एक हुशार शंका येते: विरघळलेली साखर पाण्यात तरंगत असते, मग तिचा भार तळावर कसा येईल? यासाठी पेलाभर पाणी तोलावे आणि त्यात एक लिंबू सोडावे. तरंगो वा बुडो, काट्यावर लिंबाचे पूर्ण वजन वाढते. पाणी लिंबाला जितक्या बलाने वर ढकलते, तितक्याच बलाने लिंबू पाण्याला खाली ढकलते, आणि पाणी तो भार तळाला देते.

आकारमानाचा घोळ

वजन बेरजेने वाढते, मग आकारमान? येथे शिक्षकांनी सावध राहावे. मोजपात्रात ५० ग्रॅम कोरडी साखर सुमारे ६० मिलिलिटरपर्यंत भरते. ती १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवली की पातळी १६० वर जात नाही, १३१ च्या आसपास थांबते. मुलांना वाटते, साखर खरोखरच कोठेतरी गेली. खरे तर कोरड्या साखरेत दाण्यांच्या मधल्या फटींत हवा होती. ५० ग्रॅम साखरेचे स्वतःचे आकारमान ३१-३२ मिलिलिटरच आहे.

मिठाच्या बाबतीत हवेचा हिशेब काढून टाकला तरी थोडी घट उरते. १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम मीठ विरघळवले तर दोहोंच्या आकारमानांच्या बेरजेपेक्षा द्रावण सुमारे ३ मिलिलिटरने कमी भरते, कारण आयनांभोवती पाण्याचे रेणू अधिक दाटीने बसतात. वजन मात्र १३६ ग्रॅमच. आकारमान हे रेणू किती जागा अडवून बसतात यावर ठरते, वस्तुमान ते किती व कोणते आहेत यावर. म्हणूनच कारखान्यात रसातील विद्राव्य घन पदार्थ ज्या ब्रिक्स अंशात मोजतात, तो वजनाच्या टक्केवारीवर बेतलेला आहे: २० ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात २० ग्रॅम साखर.

हिशेब कुठवर पोचतो?

आता पहिल्या बेरजेकडे वळू. समजा, १०० टन उसावर ३० टन पाणी मारले आणि १०१ टन मिश्र रस मिळाला. मग बगॅस २९ टन. रसात १२.३ टक्के साखर आढळली, म्हणजे सुमारे १२.४२ टन. बगॅसमध्ये २ टक्के, म्हणजे ०.५८ टन. यावरून उसात एकूण १३ टन साखर होती. उसाच्या ढिगातली साखर अशीच, मागच्या बाजूने काढावी लागते.

या १३ टनांपैकी समजा ११ टन साखर पोत्यांत भरली, म्हणजे उतारा ११ टक्के. बगॅसबरोबर ०.५८ टन गेली, प्रेसमडमध्ये ०.०७ आणि मळीत १.२ टन. बेरीज १२.८५. उरलेले ०.१५ टन कुठे गेले? अहवालात ते ‘अज्ञात घट’ म्हणून लिहितात. ‘विरघळताना वजन थोडे घटले असेल’ असे कोणताही रसायनतज्ज्ञ म्हणत नाही. तो गळणारा पंप शोधतो, वाफेबरोबर उडालेले तुषार शोधतो, नमुने घेण्यातली चूक शोधतो. किंवा आम्ल रसात साखरेचे विघटन झाले का ते पाहतो. या विघटनात ३४२ ग्रॅम साखर आणि १८ ग्रॅम पाणी मिळून ३६० ग्रॅम ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. साखर घटली, पण एकूण वस्तुमान येथेही अढळ राहिले.

या शोधाला पैशाचे मोल आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवला. त्यापुढे उताऱ्यातील दर ०.१ टक्का वाढीला ३.४६ रुपये अधिक. १०० टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला ०.१ टक्का म्हणजे ३,४६० रुपये. हिशेबात हरवलेली साखर कोठेतरी आहेच, हा विश्वास द्रव्य अक्षय्यतेच्या नियमाने दिलेला आहे.

योगायोग असा, की फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए याने १७८९ सालच्या आपल्या ग्रंथात हा नियम मांडला तो आंबवण्याच्या प्रकरणात, साखर, पाणी आणि यीस्ट तोलतानाच.

नियम कुठे फसल्यासारखा वाटतो?

लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा टाकला तर उघड्या भांड्याचे वजन घटते. ५ ग्रॅम सोड्याची पूर्ण क्रिया झाली तर सुमारे २.६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. हे नुसते विरघळणे नाही, ही रासायनिक क्रिया आहे. पण वायू अडवला तर एकूण वस्तुमान येथेही तेच राहते. वायू अडवण्यासाठी बाटली घट्ट बंद करू नये, ती फुटू शकते. तोंडाला फुगा लावण्याची युक्ती पुष्कळ पुस्तकांत आहे, तिच्यातही एक खाच आहे. फुगा फुगला की तो दीड लिटरच्या आसपास हवा बाजूला सारतो आणि हवेचे प्लावक बल त्याला वर उचलते. काटा पावणेदोन ग्रॅमपर्यंत कमी दाखवू शकतो, वायू मात्र सगळा आतच असतो. वर्गात हा प्रयोग करणाऱ्याला हे आधी माहीत असावे.

आणि आइन्स्टाइनचे समीकरण? साखर विरघळताना किंचित उष्णता शोषली जाते. त्या ऊर्जेमुळे होणारी वस्तुमानातील वाढ १०० ग्रॅम साखरेमागे एका ग्रॅमच्या दहा अब्जाव्या भागाहूनही कमी आहे. ती कोणत्याही काट्याच्या आवाक्यात नाही.

वर्गासाठी प्रश्न

१. गुऱ्हाळात १०० किलो रस आटवून २० किलो गूळ झाला. उरलेले वजन कोठे गेले? ते परत मिळवायचे तर काय करावे लागेल?

२. १०० ग्रॅम पाण्यात २५ ग्रॅम साखर विरघळवली. द्रावण किती ब्रिक्सचे झाले? (उत्तर २५ नाही.)

३. मिठाचे पाणी उन्हात आटवून मीठ परत तोलले तर ते थोडे जास्त भरले. नियम मोडला का? मीठ पुरते कोरडे होते, हे कसे ठरवाल?