पाळणाऱ्याला शेवटही कळला पाहिजे
(शेतकी विभाग, ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर आपण नेहमी बेणे, खोडवा, हुमणी आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा जड आहे. आपल्यातले पुष्कळ सभासद माळकरी आहेत. कोंबड्या-बकऱ्या मारण्याची गोष्ट कारखान्याच्या अंकात कशाला, असे त्यांच्या मनात येईल. येणे साहजिक आहे. गाडगेबाबांनी देवाच्या नावाने बोकड-कोंबडे कापण्याला जन्मभर विरोध केला, आणि त्यांची कीर्तने ऐकलेल्या माणसांची नातवंडे आज आपली सभासद आहेत. पण त्याच घरातला मुलगा आज दोन हजार पक्ष्यांची शेड टाकून बसला आहे, हेही खरे. खाणे न खाणे ज्याचे त्याने ठरवावे. ज्याने जीव पाळायला घेतला, त्याच्या दारात त्या जिवाचा शेवट कधी ना कधी येणारच, आणि त्या वेळी काय करायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते. लिहायचे आहे ते एवढ्यापुरतेच.

ऊसनोंदणीच्या निमित्ताने गावोगाव फिरताना शेड पाहायला मिळतात. प्रत्येक बॅचमध्ये काही पक्षी पाय फाकवून बसतात, उठत नाहीत. खाद्यापर्यंत जाता येत नाही, पाण्यापर्यंत जाता येत नाही, वरून बाकीचे पक्षी तुडवतात. पोराला विचारले, "याचं काय करतोस?" तर उत्तर ठरलेले, "काही नाही साहेब, सकाळपावेतो आपोआपच मरते." काही जण तो पक्षी उचलून बांधावर फेकतात, म्हणजे कुत्रे येईपर्यंत तो तिथे धडपडत राहतो. मुलगा दुष्ट नसतो. उलट त्याच्याने मारवत नाही, म्हणून तो सोडून देतो. पण त्याच्या या दयेपायी पक्षी चोवीस तास तडफडतो.

कृषी तंत्र विद्यालयात, पदविकेला, शेळीपालन-कुक्कुटपालनाच्या प्रशिक्षणात मुलांना जाती सांगतात, खाद्याचे प्रमाण सांगतात, लासोटा आणि गंबोरोच्या लसी सांगतात, हिशेबाची वही कशी ठेवायची तेही सांगतात. मी स्वतः कृषी पदविका घेतली तेव्हा जनावर विकायच्या वजनाला आले की धडा संपायचा. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांचे तसे नाही. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे. आपल्या जवळ अकोल्यालाही पशुवैद्यकाची संस्था आहे. तिथल्या मुलांना शरीररचना, शवविच्छेदन आणि मांसतपासणी शिकावीच लागते. पण शेड चालवणार आपली पोरे, डॉक्टर नव्हेत. आजारी पक्षी रात्री अकरा वाजता पुढ्यात येतो तो त्यांच्याच.

हे ज्ञान नसले म्हणजे काय होते ते २००६ साली दिसले. त्या वर्षी १८ फेब्रुवारीला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांत तो निघाला, म्हणजे आपल्या मलकापूर-मोताळ्याच्या शेजारीच. लाखो पक्षी मारावे लागले. नवापूरला निदान मोठ्या शेड होत्या. जळगावच्या खेड्यांत घरोघरच्या गावरान कोंबड्या होत्या, खुराड्यातल्या आणि झाडावर बसणाऱ्या. अंगभर पांढरे कपडे आणि तोंडावर मास्क अशी माणसे दारात आली की लेकरे रडत आणि म्हाताऱ्या कोंबडी पदराखाली लपवत. असे काम ज्याच्यावर येते त्याला हाताने करायची रीत आधी माहीत नसेल, तर घाबरलेल्या हाताने तो पक्ष्याचेही हाल करतो आणि स्वतःचेही. पुढे २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आणि फेब्रुवारीत पुन्हा नवापूरला तीच वेळ आली. पुन्हा येणार नाही असे कोणी सांगावे?

आता रीत. ज्यांना वाचवणार नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा, पण घरात शेड असेल तर मुलाला वाचायला द्यावा.

पक्षी उजेड कमी करून शांतपणे धरावा. पाठलाग करू नये. पंख अंगाशी दाबून एका हाताने दोन्ही पाय धरावेत. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत कवटीच्या मागची मान घ्यावी आणि डोके मागे वळवीत एकाच ठाम हिसक्याने खाली ओढावे. कवटी आणि मानेचा पहिला मणका यांच्यातला सांधा सुटतो आणि मज्जारज्जू तुटतो. कातडीखाली बोट फिरवले की तिथे पोकळी लागते. ती लागली म्हणजे काम झाले. अर्धवट ओढणे हे सर्वांत वाईट. त्यानंतर पक्षी पंख फडफडवतो, कधी कधी मिनिटभर किंवा अधिक. नवखा मुलगा इथेच खचतो, त्याला वाटते जीव गेला नाही. ती फडफड मज्जातंतूंची असते. पाहायचे ते दुसरेच: श्वासाची लय थांबली का, आणि डोळ्याच्या बुबुळाला हलके बोट लावल्यावर पापणी हलते का. श्वास चालू असला किंवा पापणी हलली, तर लगेच पुन्हा करायचे. गोणीत कोंबून गुदमरवणे, पाण्यात बुडवणे, भिंतीवर आपटणे हे प्रकार कोणी करीत असेल तर त्याला तिथेच थांबवावे.

हे हाताचे काम लहान पक्ष्यांपुरतेच आहे. युरोपात त्यासाठी कायदाच आहे: हाताने मान सोडवायची ती ३ किलोपर्यंतच्या पक्ष्याची, आणि एका माणसाने दिवसाला ७० पेक्षा जास्त नाही. सत्तरच का? कारण माणसाचा हात थकतो, आणि थकला की चुकतो. ऊसतोडीचा कोयता दुपारनंतर बुडख्याला न लागता वर लागतो, तसेच. आपले तोडणी मजूर हे कोणाच्याही आधी ओळखतील.

मुलांना शिकवायचे ते टप्प्याटप्प्याने. पहिल्या दिवशी जिवंत पक्षी हातात देऊ नये. शेडमध्ये त्या दिवशी मेलेला, रोगाचा संशय नसलेला पक्षी घ्यावा, सांधा कुठे आहे ते बोटाला कळू द्यावे, हिसक्याचा जोर कळू द्यावा. मग जाणत्याने एकदा करून दाखवावे, तेही ज्या पक्ष्याचे खरेच बरे होणार नाही त्याच्यावर. शिकवण्यासाठी म्हणून धडधाकट जीव घेऊ नये. ज्याला जमत नाही त्याच्यावर सक्ती नको. डोळ्यांत पाणी आले तर हसू नये. हसणाऱ्यालाच बाजूला काढावे, कारण ज्याला यात गंमत वाटते त्याच्या हाती जनावर देणे धोक्याचे. मोबाईल खिशात राहावा. आणि झाल्यावर मुलांना जरा बसवून बोलू द्यावे, एवढे तरी आपण करू शकतो.

शेळी-बोकडाचे काम घरी शिकायचे नाही, तो वेगळा हुन्नर आहे. खाटकाच्या धंद्याला आपल्याकडे नाके मुरडतात, पण जुन्या जाणत्या खाटकाकडे पाहावे. सुरी लांब आणि धारदार असते, धार जनावरासमोर लावत नाहीत, एका जनावरासमोर दुसरे कापत नाहीत. मुसलमान समाजात तर हा धर्माचाच दंडक आहे. धर्माच्या रीतीने मारण्याला १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम २८ ची मोकळीक आहे. २००१ च्या कत्तलखाना नियमांतही दुसऱ्या जनावरांच्या डोळ्यांदेखत मारायचे नाही असेच लिहिले आहे. गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतले पिल्लू किंवा तेवढ्या लहान पिल्लाची आई कापता येत नाही. डॉक्टरने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत, असा आकडाच घातला आहे. मात्र आठवडी बाजारातून मोटारसायकलच्या हँडलला पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या आपण सर्वच पाहतो आणि कोणी काही बोलत नाही.

ज्यांना दयेची भाषा पटत नाही त्यांच्यासाठी उताऱ्याची भाषा. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातली साखर घटते आणि गव्हाणीत पडेपर्यंत सगळ्यांचेच नुकसान होते, हे आपण दर हंगामात ओरडून सांगतो. जनावराच्या स्नायूंतही साखरेचाच साठा असतो. मरणानंतर त्या साखरेचे आम्ल बनते आणि त्यामुळे मांस टिकते. जनावर उपाशी, तहानलेले, टेम्पोत चेंगरून, मार खात आणले तर तो साठा वाटेतच संपतो. मग आम्ल पुरेसे बनत नाही, मांस काळपट आणि घट्ट होते आणि लवकर नासते. शांतपणे आणलेल्या, पाणी पाजून विसावा दिलेल्या जनावराचे तसे होत नाही. दोन्हीकडे हिशेब साखरेचाच.

आता बैल. इथे लिहिताना हात थांबतो, कारण पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावली त्याच्याविषयी हे लिहायचे आहे. ऊसाच्या गाडीचा बैल उतारावर घसरला आणि पायाचे हाड कातडी फाडून बाहेर आले, तर काय करायचे? राज्याच्या १९७६ च्या कायद्याने गाय कापायला बंदी होती, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. तेव्हा कोणी "नेतो, देतो थोडे पैसे" म्हणत रात्री टेम्पो घेऊन आला तर त्याला हाकलावे. तो गुन्हा आहे, आणि मोडल्या पायाच्या बैलाला टेम्पोत चढवणे ही शुद्ध क्रूरता आहे. त्याचबरोबर, बैलाला झाडाखाली पडू देऊन आठ दिवस माशा घोंगावू देणे हेही पुण्य नव्हे. १९६० च्या कायद्याचे कलम १३ वाचावे. जनावर इतके जखमी आहे की जिवंत ठेवणेच क्रूरपणाचे ठरेल, असा दाखला पशुवैद्यकीय अधिकारी देऊ शकतात. मालक हजर नसला किंवा नकार देत असला तर पोलीस आणि दंडाधिकारी यांच्यामार्फत काय करायचे तेही त्यात दिले आहे. डॉक्टर आधी भूल देतात, जनावर गाढ बेशुद्ध झाल्यावर पुढचे औषध देतात. हे फक्त डॉक्टरांचेच काम आहे. मालकाने डोक्याशी उभे राहावे, ओळखीचा आवाज असला की बैल शांत राहतो.

मोठ्या जनावराला आधी बेशुद्ध करण्याची सक्ती इंग्लंडात १९३३ च्या कायद्याने झाली, आणि हे काम करणाऱ्याला तिथे परवाना लागतो. तरी २००१ साली तिथे लाळ-खुरकूत पसरली तेव्हा ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली आणि पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही मदतीला बोलवावे लागले. परवाना आणि यंत्र असूनही त्या देशाचे शेतकरी त्या वर्षीच्या आठवणीने आजही गप्प होतात. आपल्याकडे २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गोवंश मारण्याचा प्रश्नच नव्हता, उपचार आणि लसीवरच भर होता. जी वाचली नाहीत ती गोठ्यातच कित्येक दिवस झिजून गेली. त्यांच्यासाठी वेदनाशामक मागावे, हेसुद्धा अनेकांना सुचले नाही. डॉक्टरांकडे ते मागता येते.

एक गोष्ट अलग सांगतो. पिसाळलेला कुत्रा चावलेली शेळी "मरण्याआधी कापून टाकू" असे कोणी म्हटले तर मुळीच ऐकू नये. लाळेला हात लावू नये, शेळी बांधून वेगळी ठेवावी आणि डॉक्टरांना कळवावे. घरातल्या कोणाला लाळ लागली असेल तर साबणाने धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.

मेलेल्या जनावराची विल्हेवाट हा याचाच भाग आहे. साथीत पक्षी पुरायला २ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २ मीटर खोल खड्डा लागतो. सरकारी आराखड्याप्रमाणे त्यात सुमारे १८०० पक्षी मावतात, थरावर थर चुना टाकून. विहिरीजवळ, नाल्याजवळ, ऊसाच्या पाटाजवळ खड्डा घेऊ नये. साथीचा संशय असेल तर स्वतः काहीच करू नये, पक्षी जागचे हलवू नयेत. डॉक्टरांनी औषध देऊन झोपवलेले जनावर तर उघड्यावर टाकूच नये, ते खाणारे कुत्रे आणि पक्षीही मरतात. डायक्लोफेनॅक हे औषध जनावरांना द्यायला २००६ पासून बंदी आहे ती गिधाडांपायीच. ते टोचलेली ढोरे खाऊन गिधाडे संपत आली.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक फुकट लागतो. गोठ्याच्या आणि शेडच्या दारावर खडूने मोठा लिहून ठेवावा, गाडीवानांनाही सांगून ठेवावे.