सेल्फीतला चेहरा कोणाचा?

घरातली मुलगी हात लांब करून मोबाईलमध्ये स्वतःचा फोटो काढू लागली की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. "नुसते तोंड पाहत बसायचे, अभ्यास नाही की काम नाही," अशी बोलणी तिला खावी लागतात. सेल्फीचे वेड वाढले आहे हे खरेच. २०१३ साली ऑक्सफर्डच्या शब्दकोशवाल्यांनी 'सेल्फी' हा त्या वर्षाचा शब्द ठरविला. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि आमच्या नगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरातल्या) वाड्या-वस्त्यांवर तो शब्द मराठीच होऊन गेला. परंतु वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या समाजापुरता हा प्रश्न केवळ नटण्या-मुरडण्याचा नाही, असे आम्हांस वाटते.

आम्ही पेशाने कारकून. आमच्या टेबलावर फोटो येतो तो पासपोर्ट साईझचा, अर्जाला चिकटवलेला, अर्धा शिक्का अंगावर घेतलेला. मागच्या पिढीत अनेकांचा आयुष्यातला पहिला फोटो असाच निघाला, शिष्यवृत्तीच्या किंवा नोकरीच्या अर्जासाठी. फोटोवाला सांगेल तसे बसायचे, हसायचे नाही, मान हलवायची नाही. (स्टुडिओतला कोट आणि कंगवा साऱ्या गिऱ्हाइकांना एकच असे!) दुसरा फोटो लग्नातला. कित्येकांचा तिसरा निघालाच नाही, म्हणून माणूस वारल्यावर अर्जावरचाच फोटो मोठा करून भिंतीवर लावावा लागला.

त्याही आधी आपण कसे दिसावे हे दुसरेच ठरवीत होते. कपडा कोणता, दागिना कशाचा, लुगडे कसे नेसायचे, सारे जातीने बांधून दिलेले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले. तुमची लुगडे नेसण्याची रीत आणि अंगावरचे ते जड दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती पुसून टाका, असे त्यांनी समजावून सांगितले. त्या आयाबायांनी लगोलग नेसण बदलली. दिसणे ही बाब त्यांच्या लेखी चैनीची नव्हती.

आज १ जानेवारीला पुणे-नगर रस्त्यावरच्या भीमा कोरेगावला जावे. विजयस्तंभ, आजी, दोन लेकरे आणि स्वतःचे तोंड एका चौकटीत बसावे म्हणून तरुण पोर मागे मागे सरकत असते आणि गर्दी त्याला पुढे ढकलत असते. त्याला उथळ म्हणायला आमची जीभ धजत नाही. आजीच्या जन्मात तिला विचारून निघालेला तो पहिला फोटो असेल.

आणि हे सुखासुखी मिळते आहे असेही नाही. गुजरातेत गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावी मिशी ठेवली म्हणून मारहाण झाल्याची तक्रार दलित तरुणांनी सप्टेंबर २०१७ मध्ये केली. त्यावर तिकडच्या मुलांनी उत्तर दिले ते काठीने नव्हे. शेकडोंनी मिशीला पीळ देत आपापले सेल्फी काढले आणि व्हॉट्सॲपवर स्वतःच्या नावापुढे लावले.

आपल्या जिल्ह्यात तर याहून वाईट घडले. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. मोबाईलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून वाद झाला आणि त्यातून त्याला मारले, असे तक्रारीत म्हटले होते. लग्नाला आलेला पोरगा तो. म्हणून आजही स्टेटसला निळा झेंडा ठेवणाऱ्या मुलाची आई रात्री तो घरी येईपर्यंत दारात उभी राहते. तिला आम्ही भित्री म्हणणार नाही.

आमची तक्रार निराळीच आहे. वस्तीतल्या वधू-वर मेळाव्याचे काम आम्ही काही वर्षे पाहतो. पूर्वी बायोडाटासोबत सावळे, गव्हाळ, काळेभोर, सर्व तऱ्हेचे चेहरे येत. आता सारे एकाच पिठाचे! फोनमधला प्रोग्रॅम चेहरा ओळखतो, कातडी उजळवतो, डाग पुसतो, गाल बारीक करून डोळे वाढवतो. पुष्कळ फोनांत तर हे आपण न सांगताच होते. एका मातेने चांगला हसरा फोटो परत मागून नेला, कारण काय, तर "त्यात पोरगी सावळी दिसते." मग पाहण्याच्या दिवशी मुलाकडचे म्हणतात, फोटोत तर गोरी होती. त्या वेळी खाली मान घालते कोण? मुलगीच.

यंत्राला जातपात नसते असे म्हणतात, पण ते बनविणाऱ्याची नजर त्यात उतरते. रोलच्या जमान्यात कोडॅक कंपनी रंग जुळविण्यासाठी फोटो धुणाऱ्यांना एका गोऱ्या बाईचा नमुना पाठवीत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी बरोबर आली म्हणजे रंग बरोबर! त्यामुळे अमेरिकेतल्या काळ्या लेकरांचे चेहरे फोटोत नुसते डोळे-दात उरत. पुढे सुधारणा झाली ती चॉकलेट आणि लाकडी सामानवाल्यांनी आमचा माल फोटोत नीट दिसत नाही म्हणून ओरड केल्यावर, असे त्या कंपनीत काम केलेल्यांनीच सांगून ठेवले आहे. आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढला, पण फोनमधला गोरेपणा तसाच आहे. महाडला आपल्या आज्यांनी जातीची खूण टाकली होती. आपल्या मुली मात्र आजीकडून आलेला रंगच पुसून टाकू लागल्या आहेत, आणि आम्ही बाप लोक त्या फोटोला "छान" म्हणून अंगठा दाखवितो.

पुढच्या मेळाव्याच्या अर्जावर आम्ही एक ओळ छापून घेतली आहे: 'फोटो फिल्टर न लावलेला असावा.' छपाई होऊन आठवडा झाला नाही तोच दोन पालक अर्ज हातात घेऊन विचारायला आले, हा फिल्टर बंद कसा करायचा. आम्हांला ते सांगता येईना. म्हटले, "पोरीलाच विचारा."