पाहुण्यांचं बिल कोण भरतं?

मलकापूरहून नांदुऱ्याकडे निघालं की वाटेत वडनेर भोलजी लागतं. लागतं म्हणजे बहुतेकांच्या मागे पडतं. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘नंबर सहाचा हायवे’ असलेला हा रस्ता आता कागदोपत्री ५३ क्रमांकाचा झालाय. सुरतेकडचे ट्रक, नागपूरच्या ट्रॅव्हल्स, शेगावला दर्शनासाठी निघालेल्या क्रूझर रात्रंदिवस त्यावरून पळत असतात. पूर्वेला नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान आणि त्यापुढे शेगाव. दक्षिणेला घाट चढून गेलं की बुलढाणा, ज्ञानगंगेचं जंगल, आणखी पुढे लोणार आणि सिंदखेडराजा. नैऋत्येला अजिंठा. पर्यटनाच्या नकाशावर वडनेरचं नाव ठळक नाही, पण नकाशातली निम्मी वर्दळ त्याच्या दारावरून जाते. रस्त्याच्या कडेला राहणाऱ्याला पर्यटनाची एक बाजू नीट दिसते आणि नेमकी तीच गाडीत बसलेल्याला दिसत नाही. गाडी पुढे गेल्यावर मागे काय राहिलं, ही ती बाजू.

पर्यटनाची नीती म्हटलं की आपल्याला सूचना फलक आठवतो. कचरा टाकू नये, भिंतीवर नावं कोरू नयेत, शांतता राखावी. हे सगळं बरोबरच आहे, पण हे शिष्टाचार झाले. नीतीचा प्रश्न जास्त रोकडा आहे: माझ्या सहलीचा खर्च माझ्याशिवाय आणखी कोण भरतं?

जागतिक पर्यटन संघटनेनं १९९९ साली चिलीतल्या सँटियागोत पर्यटनाची नीतिसंहिता मंजूर केली. तिच्यात दहा कलमं आहेत आणि २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही तिची दखल घेतली. वाचायला ती सरकारी परिपत्रकाइतकीच रुक्ष आहे. पण तिसरं कलम निसर्ग पुढच्या पिढ्यांसाठी राखण्याचं आहे, पाचवं म्हणतं की फायद्यात यजमान गावाचा वाटा असला पाहिजे, नववं या धंद्यात राबणाऱ्यांच्या हक्कांचं आहे. सातवं कलम फारसं कुणी सांगत नाही: फिरायला जाणं हा सगळ्यांचाच हक्क आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ते फार महत्त्वाचं, कारण इथला बहुसंख्य प्रवासी स्वतःला पर्यटक म्हणवतच नाही. तो ‘दर्शनाला चाललो’ म्हणतो. टोपी-कॅमेरावाल्यांसाठी छापलेली पत्रकं त्याच्या हाती पडली, तरी हे आपल्यासाठी आहे असं त्याला वाटत नाही.

घाटाखालचं पहिलं बिल पाण्याचं. पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा भाग खारपाणपट्टा आहे. नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतल्या कितीतरी गावांना बोअरचं पाणी म्हणजे काय ते विचारून बघा. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, डाळ शिजता शिजत नाही. प्यायला आरओचे कॅन, ते छोट्या टेम्पोतून दारोदार येतात आणि विकत घ्यावे लागतात. अशा पट्ट्यात लाखाच्या घरात भाविक येणारं तीर्थक्षेत्र आहे. लॉजच्या खोलीत नळ सोडून दाढी करणाऱ्याला ते गोडं पाणी कुठून आणि कुणाच्या वाट्यातून आलं याची कल्पना नसते. तो दुष्ट नसतो, त्याला कुणी सांगितलेलं नसतं एवढंच. पर्यटन खात्याच्या पाट्यांवर देवळाचा इतिहास सापडतो. या गावाला नळ किती दिवसांआड येतो, हे मात्र कुठल्याच पाटीवर नसतं. माझ्या मते तीच पाटी आधी लावायला हवी.

शेगावचं एक मात्र कबूल करायला हवं. गर्दी कशी हाताळावी हे शिकायचं तर फार लांब जायची गरज नाही. १९१० साली गजानन महाराजांनी समाधी घेतली, त्यांच्या संस्थानानं शिस्तीचा जो धडा घालून दिला तो महाराष्ट्रात वाखाणला जातो. हजारो सेवाधारी पाळीपाळीनं, बिनमोल येऊन झाडलोट करतात, चपला सांभाळतात, रांगा लावतात, महाप्रसाद वाढतात. २०२१ मध्ये निवर्तलेले शिवशंकरभाऊ पाटील यांनी ही घडी बसवली, असं इथले लोक आदरानं सांगतात. मुद्दा श्रद्धेच्या पलीकडचाही आहे. जिथं स्वच्छतागृह धुतलेलं आहे, रांग सरकते आहे आणि फरशीवर कागदाचा कपटा नाही, तिथं आलेला माणूसही आपोआप नीट वागतो. बसस्थानकावर पिचकारी मारणारा इसम देवळाच्या आवारात कसा काय सुधारतो, याचं उत्तर उपदेशात सापडणार नाही. ते व्यवस्थेत आहे.

पण शेगावचंच दुसरं पानही वाचलं पाहिजे. भाविकांसाठी रस्ते रुंद करायचे, आवार मोठं करायचं, तर जागा कुणाची तरी जाणार. देवळाला लागून असलेल्या मातंगपुरी वस्तीच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं चालला. विकास आराखड्याच्या फायलींत ती एक नोंद असते. तिथं राहणाऱ्याच्या लेखी मात्र तो चूल हलण्याचा प्रश्न असतो. पाचव्या कलमातला ‘यजमानाचा वाटा’ मोजायचा तर दुकानदाराचा वाढलेला गल्ला मोजून भागत नाही, वस्ती कुठं गेली आणि तिला काय मिळालं हेही मोजावं लागतं. उलट चांगलं उदाहरणही त्याच गावात, रेल्वेच्या फलाटावर आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५० च्या सुमारास सुरू केलेली कचोरी आज शेगावची ओळख झालीय. प्रवाशानं खिशातून काढलेला पैसा थेट गावातल्या कढईपर्यंत पोचतो. साखळी हॉटेलात जेवणाऱ्याचा तो पोचेलच असं नाही.

आता घाटावर. लोणारचं विवर आघाताचं: बेसॉल्टच्या खडकात अशनी आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. ते ५२ हजार वर्षांचं की ५ लाख ७० हजार वर्षांचं, यावर दोन मोजण्या दोन उत्तरं देतात. नंतरची, आर्गॉन पद्धतीची मोजणी मोठा आकडा सांगते. १९७९ मध्ये त्याला राष्ट्रीय भूवारसा मानलं गेलं, २००० साली अभयारण्य झालं, नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत नाव आलं. बिरुदं भरपूर आहेत. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या महाराष्ट्रानं मोबाइलवर त्याचे फोटो एकमेकांना धाडले. कुणी दैवी म्हटलं, कुणी प्रदूषण थांबल्याचा पुरावा म्हटलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले तेव्हा कारण निघालं ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचं: उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यांचं फावलं.

या तळ्याची मेख अशी की त्याचं खारेपण आणि अल्कधर्मीपण हेच त्याचं वैभव आहे. इथले जीव त्याच पाण्यावर जगतात. म्हणजे इतर कुठल्याही तळ्याला जे पाणी उपकारक, ते इथं अपकारक ठरू शकतं. गोडं पाणी जास्त आलं तर तळं पातळ होतं, सांडपाणी आलं तर शेवाळ माजतं. लोणार शहर विवराच्या काठावर बसलेलं आहे आणि शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं उतारानं खाली जात राहिलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात त्यावर बराच काळ सुनावण्या चालल्या, सांडपाणी प्रक्रियेची कामं झाली. याचा दोष पर्यटकाच्या माथी मारणं खोटं ठरेल. पण काठावर नवं हॉटेल, नवं निवास, नवा वाहनतळ मागताना त्यांच्या संडासाचं पाणी कुठं जाणार हे आधी विचारलं पाहिजे. काठावरच्या ‘धार’ नावाच्या झऱ्यावर गोमुखाखाली आंघोळ करणाऱ्यानं शाम्पूची पुडी फोडली की फेस उतारानं खाली जातो. पुडी एक रुपयाची, आणि तळं ज्या प्रकारचं, तसं जगात क्वचितच सापडतं.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला आणि लोणार एका दिवसाच्या आवाक्यात आलं. सकाळी निघालेला नागपूरकर दुपारी काठावर, रात्री घरी. सोय झाली, पण गावाच्या पदरात काय पडलं? मुक्काम नाही, जेवण नाही, वाटाड्या नाही. काठावर वीस मिनिटं, दोन रिळं, एक पाण्याची बाटली आणि तीही गाडीतून आणलेली. रिकामी झाल्यावर तेवढी मागे राहते. जो पर्यटक सर्वांत कमी वेळ थांबतो तोच दर तासाला सर्वांत महाग पडतो, असं माझं मत झालंय. दैत्यसूदनाचं देऊळ पाहायला नुसता अर्धा तास दिला आणि स्थानिक वाटाड्याचे पैसे घासाघीस न करता दिले, तरी हे गणित बदलायला लागतं. हो, आणि खिशात दगड भरून नेऊ नयेत. अशनी म्हणून कौतुकानं नेलेला दगड बहुधा साधा बेसॉल्टच निघतो, हा त्यातला न्याय.

तुलनेला अजिंठा घ्या. खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात आणि तिथून बसनं लेण्यांपर्यंत जावं लागतं. धूर आणि हॉर्न चार किलोमीटर अलीकडे अडतात. चित्रं असलेल्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, कारण श्वासातल्या दमटपणाचाही रंगांना त्रास होतो. कुरकुर होते, रांगेत ऊन लागतं. पण ‘मी एकट्यानं आत गेलो तर काय बिघडतं’ या प्रश्नाचं उत्तर तिथं भिंतीवरच आहे.

ज्ञानगंगेत वेगळीच गोष्ट घडली. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला टी१सी१ नावाचा तरुण वाघ २०१९ मध्ये घर सोडून निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याचा माग राहिला. शेतं, नाले, महामार्ग ओलांडत तो डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यात आला; नऊ महिन्यांत त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरहून अधिक भरली. त्याला ‘वॉकर’ म्हटलं गेलं. वाटेत माणसांची वस्ती इतकी असूनही त्यानं चोरपावलांनी वाट काढली. त्याला मादी आणून द्यावी का, यावर चर्चा झाली. जंगल जेमतेम २०५ चौरस किलोमीटरचं, भोवती गावं, आणून सोडलेले वाघ मावणार कुठं, असा प्रश्न होता. वाघ दिसला की आपण पहिल्यांदा काय करतो? फोटो टाकतो, ठिकाणासकट. दुसऱ्या दिवशी त्या वळणावर जीपगाड्यांची रांग लागते आणि ठिकाण शिकाऱ्यालाही कळतं. खामगाव–बुलढाणा रस्ता ज्ञानगंगेतल्या बोथ्याच्या जंगलातूनच जातो. तिथं गाडीचा वेग कमी ठेवणं, खाली उतरून माकडांना बिस्किटं न देणं, एवढं केलं तरी पुष्कळ आहे. बिस्किटाला चटावलेलं माकड पुढे रस्त्यावरच मरतं.

फोटोवरून सैलानी आठवतं. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. सगळ्या धर्मांची माणसं येतात, त्यांत मनोरुग्णांना घेऊन आलेली घरंही असतात. उपचाराऐवजी दर्गा का, हा वाद जरूर घालावा. पण साखळीत बांधलेल्या पोराचा व्हिडिओ काढून त्याच्यावर गाणं चढवणं, यात कुठला वाद आहे?

आता पुन्हा महामार्गावर. शेगावला पायी जाणाऱ्या दिंड्या निघतात तेव्हा रस्त्याच्या कडेची गावं चहा-फराळाचे मांडव घालतात. ही परंपरा सुंदर आहे आणि तिचं कौतुक करताना हात आखडू नये. दिंडीतला माणूस मिळेल ते खातो, देवळाच्या ओट्यावर पथारी टाकतो, पहाटे जागा झाडून पुढे निघतो. जबाबदार पर्यटन वेगळं काय सांगतं? मात्र मांडव उठल्यावर द्रोण-पत्रावळ्यांचं जे होतं, ते पूर्वीसारखं राहिलं नाही. पळसाच्या पानाची पत्रावळ गुरानं खाल्ली, नाही तर उकिरड्यात कुजली. थर्माकोलच्या ताटल्या मात्र नाल्यात जाऊन अडकतात. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यानं प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आणली, तरी त्या दिसतातच. पुण्य कमावायला घातलेल्या मांडवाचा कचरा उचलायला मात्र गावच्या सफाई कामगाराचीच पाठ वाकते आणि त्याच्या हातात मोजेही नसतात. नववं कलम आठवायचं ते इथं.

हे बिल वसूल करायची सोय कायद्यात आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातलं १२४ वं कलम पंचायतीला यात्रेकरूंवर आणि जत्रा-उत्सवांवर कर बसवायची मुभा देतं. तो बसवायला सरपंच धजावत नाही, कारण देवाला आलेल्या माणसाकडून पावती फाडून पैसे घेणं गावाला ओशाळवाणं वाटतं. निवडणूकही असतेच. भाविक नारळाला, हाराला, पार्किंगला मुकाट पैसे देतो. संडास आणि झाडलोटीसाठी दहा रुपये मागितले तर देणार नाही असं नाही, पण मागायचे कुणी? यात्रा उठते, ट्रॅक्टरभर कचरा निघतो आणि तो उचलायचा खर्च घरपट्टीतून जातो. त्या घरपट्टीत ज्यांच्या उंबऱ्यावर एकही पाहुणा आला नाही, त्यांचाही वाटा असतो.